बेडकाला काय, पाण्यात टाकला की झालं?

दिवाळीच्या फराळाला आमच्या इंग्लंडमधल्या लीड्सच्या घरी आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस चकलीची बशी घेऊन बैठकीतल्या काचेच्या पेटीपुढे उभा राहतो आणि विचारतो, "बेडकाला काय, पाण्यात टाकला की झालं, नाही का?" फराळाच्या गडबडीत मी नुसती हसते. तुम्ही इतक्या वेळा विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

नाही हो, तेवढ्यानं होत नाही. आमचे बंडोपंत आणि माई हे ऑस्ट्रेलियातले हिरवे झाडबेडूक. जन्म मात्र इथलाच, पाळीव जोडीच्या पोटचा. (माई एका रात्री ओरडायला लागली तेव्हा कळलं की ती नर आहे. नाव तेच राहिलं.) शास्त्रीय नावात यांना 'निळा' म्हटलंय. १७९० साली जॉन व्हाइट या डॉक्टरनं पहिल्यांदा वर्णन केलं, तेव्हा द्रावणात ठेवलेल्या नमुन्याचा पिवळा रंग उडून गेला होता आणि मागे उरला तो निळा! फांदीवर झोपणारा हा जीव खोल पाण्यात टाकलात तर दमून बुडेल. म्हणून आमची पेटी आडवी नाही, उभी आहे: ४५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ६० उंच. आत जाड फांद्या आणि खाली पसरट वाडगं, त्यात बसल्यावर पाणी पोटापर्यंत येईल एवढंच.

आता या पाण्याबद्दल. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. तो वाडग्यात बसतो आणि पोटाखालच्या, मांड्यांच्या कातडीतून पाणी आत ओढून घेतो. म्हणजे पाण्यात जे असेल ते थेट अंगात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आपल्याला वासापुरतं जाणवतं, त्याला ते बाधतं. मी सुरुवातीला आपली रीत म्हणून पाणी रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवायचे. क्लोरीन त्यानं बरंचसं उडतं, पण काही ठिकाणी त्याऐवजी क्लोरामाईन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) घालतात आणि ते पातेल्यात ठेवून जात नाही. आता पाळीव माशांच्या दुकानात मिळणारं, ही दोन्ही मारणारं औषध थेंब मोजून घालते. वाडगं रोज घासायचं, साबण न लावता, फक्त कढत पाण्यानं. कारण महाराज रात्रभर त्यात बसतात आणि घाणही त्यातच करतात.

हात लावू देत नाही म्हणून लहान मुलं माझ्यावर रुसतात, त्याचं कारणही हीच कातडी. आपल्या बोटांवर मीठ असतं, क्रीम असतं, फराळाच्या दिवसांत तेल असतं. पेटी साफ करताना उचलावंच लागलं तर मी ओले हातमोजे घालते आणि नंतर हात साबणानं धुते, कारण बेडकांच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात. उदबत्ती, धूप, डास मारायचा फवारा, सगळं त्या खोलीत बंद. गणपतीत देव बैठकीत आणि बेडूक वरच्या मजल्यावर.

ऊब म्हणाल तर दिवसा २४ ते २८ अंश आणि रात्री थोडी कमी. थर्मोस्टॅट लावला की ती काळजी मिटते. इथल्या हिवाळ्यात हीटरनं हवा कोरडी पडते, म्हणून संध्याकाळी पाणी फवारते. पण पेटी सतत ओलीचिंब ठेवत नाही. हे कोंदट जागेतले प्राणी नव्हेत, वारा खेळायला हवा.

माझी खरी चूक झाली ती खाण्यात. आमच्या घरात 'पोट भरलं का' हा प्रश्न जेवण संपल्यावरही तीनदा विचारतात. आई चिपळूणहून फोन करायची तेव्हा माझ्याआधी बंडोपंतांची चौकशी, "जेवला का तो?" आणि तो कधी नाही म्हणायचाच नाही. समोर हललं ते तोंडात. रोज रातकिडे, वर मेणकिड्याच्या गुबगुबीत अळ्या. मला तो बाळसेदार वाटायचा. वर्षभरात डोळ्यांवरची घडी इतकी लोंबायला लागली की त्याला समोरचं धड दिसेना. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला वजनकाट्यावर ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आठवड्यातून दोनदा, बस्स. अळ्या बंद. रातकिड्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची पूड लावायची, नाहीतर हाडं मऊ पडतात. आईला हे अजून पटलेलं नाही.

दुसरी चूक दिसायला छान होती. पेटी घेताना दुकानदारानं शोभेचे गोल खडे दिले होते. रातकिड्यावर झडप घालताना बेडूक खडाही गिळतो आणि तो आतड्यात अडकतो. आमच्यावर वेळ आली नाही, पण वाचल्यावर त्याच संध्याकाळी खडे काढले. आता तळाला नुसता ओला कागद. बघायला बरा दिसत नाही, पण रोज बदलता येतो.

माई नंतर आला, त्याला दोन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्याकुंड्यांत ठेवला होता. पाहुणे म्हणाले, सोवळंच की हे. असेना. १९९८ साली शास्त्रज्ञांनी बेडकांच्या कातडीवर वाढणारी एक बुरशी शोधली. तिच्यामुळे कातडीतून होणारी क्षारांची ये-जा बिघडते आणि शेवटी हृदय थांबतं. जगभरातल्या कितीतरी जाती तिनं संपवल्यात. विकत आणलेला धडधाकट दिसणारा बेडूकही ती घेऊन येऊ शकतो.

पावसाळ्यात हमखास येणारा प्रश्नही सांगून टाकते. रत्नागिरीचा माझा भाचा विचारतो, "मावशी, अंगणातला पिवळाधमक बेडूक पकडून पाळू?" नको रे बाबा. तो पिवळा रंग नराला विणीच्या दिवसांपुरता चढतो. त्याला मादी शोधायची आहे, तुझी बादली नको. शिवाय त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्यापेक्षा रात्री टॉर्च घेऊन बघ आणि आवाज रेकॉर्ड करून पाठव.

त्यानं पाठवला. मी फोन पेटीजवळ धरला, तर बंडोपंतांनी डोळासुद्धा उघडला नाही. आमच्याकडे तो ओरडतो ते चटणीसाठी मिक्सर लावला की.