एका मिनिटासाठी सॅक्रामेंटो

नाव, गाव, मुलगी सहावीत, क्लॅरिनेट वाजवते, प्रॉप २८ चे पैसे संगीतावरच खर्च व्हावेत. बस्स. एवढं बोलायला मी रजा टाकून फ्रीमाँटहून कॅलिफोर्नियाच्या राजधानीला, सॅक्रामेंटोला गेले. जायला दोन तास, बसायला तीन, बोलायला एक मिनिट. त्यातलं निम्मं आडनाव दोनदा सांगण्यात गेलं.

आधी भांडण सांगते. २०२२ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रॉपोझिशन २८, म्हणजे थेट जनतेच्या मताला टाकलेला कायदा, मंजूर केलं. शाळांना राज्याच्या आणि स्थानिक करांतून जी किमान रक्कम मिळतेच, तिच्या १ टक्का इतके जादा पैसे दरवर्षी फक्त कला आणि संगीताला. पहिल्या वर्षी ९३ कोटी डॉलरच्या वर. १९७८ मध्ये इथे शाळांचा मोठा आधार असलेल्या मालमत्ता कराला लगाम बसला आणि पुढे शाळांत कात्री चालली की संगीत आधी सापडायचं, त्यावरचा हा उतारा. ५०० किंवा जास्त मुलं असलेल्या स्कूल डिस्ट्रिक्टने (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) यातले ८० टक्के माणसं नेमायलाच वापरायचे. आणि हे पैसे आधीच्या खर्चाच्या जागी नाहीत, त्याच्या वर.

त्या ‘वर’मध्ये सगळी गोम आहे. आमच्या शाळेत बँडचे सर पूर्वी आठवड्यातून दोन दिवस यायचे. आताही दोनच दिवस येतात, पगार तेवढा नव्या खात्यातून निघतो. विचारलं तर मुख्याध्यापिका गोड हसून म्हणाल्या, हिशेब वेबसाइटवर आहे. आहे की! अर्धं पान.

म्हणून राज्य विधिमंडळाच्या अर्थसंकल्पीय उपसमितीच्या सुनावणीला गेले. शेवटी जनतेला बोलू देतात. माझ्या पुढे एक निवृत्त संगीत शिक्षक, कागदाची घडी उघडत-मिटत. मागे चेलोच्या पेटीला टेकून उभा एक शाळकरी मुलगा, त्याची आई त्याला सारखी ‘सरळ उभा राहा’ म्हणत होती (भाषा कळली नाही, पण आईची वाक्यं कळतात). समोरच्या आमदारांपैकी दोघं फोनमध्ये. तरी माझं बोलून झाल्यावर अध्यक्षबाई ‘थँक यू’ म्हणाल्या, माझ्याकडे बघून. मी इथे व्हिसावर आहे, मला मत नाही. माईकपाशी ते कुणी विचारलंच नाही. ना पास, ना ओळख, ना ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. येताना गाडीत मला उगाचच रडू आलं.

पण लगेच इथली आरती ओवाळणार नाही. आपलं गाणं सरकारी शाळेच्या भरवशावर कधी नव्हतंच. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजाश्रयावर नाही, लोकांच्या पैशावर. मी स्वतः देवळामागच्या क्लासात प्रवेशिका पूर्ण केली. आमच्या शाळेत संगीताच्या तासाला गणित व्हायचं आणि माझं काही अडलं नाही.

माझं नाही अडलं. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा गळा माझ्याहून कितीतरी गोड, पण तिच्या घरी क्लासच्या फीचा विषयही निघत नसे. ती गायची १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला. माझ्या लेकीची क्लॅरिनेट शाळेनं वर्षभरासाठी दिलेली आहे, तिच्या डब्यावर आधीच्या चार मुलांच्या नावांच्या चिकटपट्ट्या आहेत.

रात्री दादाला फोन केला. तो आमच्याच जुन्या शाळेत शिकवतो. सगळं ऐकून म्हणाला, “आपली पेटी अजून त्याच कपाटात आहे. भाता फाटलाय. त्यासाठी कधी दोन ओळी लिहिल्यास कुणाला?”

“मी तिथे राहते का आता?”

“मत तर तुझं इकडेच आहे ना?”

मी म्हटलं, थांब, भाचीची क्लॅरिनेट ऐक. वरचा सूर अजून किंचाळतोच.