सहा गोळ्या मोजून

सोमवार, रात्र

यादीत कधीचा टाकून ठेवलेला गेम आज सवलतीत दिसला. 'द हाउस ऑफ द डेड: रीमेक'. जुन्या किमतीवर आडवी रेघ, शेजारी नवी किंमत, निम्म्याहून बरीच कमी, आणि खाली गुरुवारी मध्यरात्री सवलत संपणार अशी सूचना. बोट बटणापर्यंत गेलं होतं, पण थांबले. सेल लागलाय म्हणून घेतलेले नऊ गेम माझ्याकडे पडून आहेत आणि त्यातले चार एकदाही उघडलेले नाहीत. स्वस्त मिळाले तेव्हा आनंद झाला, तो आनंद विकत घेतानाच संपला. या गेमचं तसं झालं तर मला खरंच वाईट वाटेल. म्हणून गुरुवारपर्यंत रोज थोडं लिहायचं आणि मग ठरवायचं.

दुपारी मैत्रिणीला सांगत होते. ती म्हणाली, "म्हणजे यात चालायचंसुद्धा नाही?" नाही. रेल-शूटरमध्ये पाय आपले नसतात. कॅमेरा रुळावरून जावा तसा ठरलेल्या वाटेनं जातो, कोपऱ्यावर वळतो, मागून काही आलं की गर्रकन फिरतो. आपल्याकडे फक्त नेम. तिला हे बंधन वाटलं. मला ते कधी बंधन वाटलं नाही. कुठे जायचं हे दुसऱ्यानं ठरवलंय, म्हणून तर सगळं लक्ष समोरच्या झाँबीच्या डोक्यावर लावता येतं.

पण तिच्या प्रश्नामुळे एक गोष्ट लख्ख झाली. इतर शूटर गेममध्ये नेम वाईट असला तरी भागतं. लपता येतं, पळता येतं, वळसा घालून जाता येतं. इथे नेम धरण्यातच गंमत नसेल तर मागे काही उरतच नाही. तेव्हा विचारायचं ते एवढंच: माझ्या घरी, माझ्या हातात जे आहे त्यानं नेम धरायला मजा येईल का?

मंगळवार, रात्र

आज दिवसभर तो पूल आठवत होता.

मूळ गेम सेगा या जपानी कंपनीनं नव्वदच्या दशकात आर्केडसाठी, म्हणजे टोकन टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांसाठी, काढला. कथा १८ डिसेंबर १९९८ या तारखेला घडते. क्युरियन नावाच्या शास्त्रज्ञाच्या हवेलीत भयानक काहीतरी झालंय आणि दोन एजंट तिथे पोचतात, रोगन आणि 'जी'. रोगनची वाग्दत्त वधू सोफी आत अडकलेली. पहिला खेळाडू रोगन, दुसरा जी. दादा कायम रोगन आणि मी जी. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. जीचं पूर्ण नाव कुणाला ठाऊक नाही, हे मला फार भारी वाटायचं.

यंत्राला दोन पिस्तुलं लावलेली असायची. माझं मला एका हातात पेलायचं नाही, दोन्ही हातांनी धरायचे. त्याची केबल जाड, धातूच्या वेटोळ्यातून आलेली, आणि ती खाली ओढायची, त्यामुळे नेम नेहमी थोडा खाली जायचा. ट्रिगरला आधी जरा ढिलं लागायचं, मग अचानक कडक. पिस्तुलात सहा गोळ्या. सहा संपल्या की पिस्तूल पडद्याबाहेर रोखून ट्रिगर दाबायचा, मग परत सहा. मी भीतीनं दाबत सुटायचे आणि नेमका झाँबी अंगावर आला की रिकामा खटका वाजायचा. मग दादा शेजारून मोठ्यानं मोजू लागला. "एक, दोन, तीन..." माझ्या गोळ्या. स्वतःच्या तो मनात मोजत असणार. सहाला तो "खाली!" म्हणायचा आणि आम्ही दोघं एकदम पिस्तुलं जमिनीकडे झुकवायचो.

आणि तो पूल. खेळ सुरू होऊन थोडाच वेळ झालेला असतो. हवेलीकडे जाणाऱ्या पुलावर एक झाँबी एका माणसाला उचलून खाली फेकायच्या बेतात असतो. झाँबीला वेळेत पाडलं तर माणूस वाचतो आणि आपण समोरच्या दारानं हवेलीत शिरतो. नाही जमलं तर तो खाली पडतो आणि आपली वाट बदलते, पाण्याच्या बाजूनं जावं लागतं. आम्हाला ते कधीच जमलं नाही. एक तर मी उशीर करायचे, नाही तर घाईत त्या माणसालाच गोळी लागायची. निष्पाप माणसाला लागली तर एक जीव जातो, ते वेगळंच. दादा एका शब्दानं रागवायचा नाही. "पुढच्या वेळी," म्हणायचा, आणि कॅमेरा आम्हाला खालच्या वाटेला घेऊन जायचा.

तर ते समोरचं दार मी आजतागायत उघडताना पाहिलेलं नाही. व्हिडिओ शोधला तर दोन मिनिटांत दिसेल. पण तो मी मुद्दाम पाहिलेला नाही.

यामुळेच निर्णय अवघड झालाय. मला हवं ते जड पिस्तूल, ती ओढणारी केबल, दादाचं मोजणं. सवलतीत यातलं काहीच मिळत नाही. मिळतोय तो फक्त वाडा, नव्यानं रंगवलेला.

बुधवार

आज लांबीचा हिशोब. मूळ खेळ चार प्रकरणांचा. हरल्यावर पुन्हा पुन्हा नवे जीव घेऊन शेवटापर्यंत गेलं तर पाऊण तासाच्या आत आटोपतो. रीमेकमध्ये झाँबींची संख्या खूप वाढवणारा हॉर्ड मोड आहे, जास्तीची शस्त्रं आहेत, पण कणा तोच पाऊण तास. तासाला किती पडले असा भागाकार केला तर हा गेम सवलतीतही महाग निघेल.

हा भागाकार मला पटत नाही. आर्केडचा खेळ मुळात दोन मिनिटांत हरवण्यासाठी बांधलेला असतो. हरलात की पुन्हा टोकन. घरी टोकन संपत नाही, म्हणून तो लवकर संपल्यासारखा वाटतो. तोच खेळ एका क्रेडिटवर, म्हणजे एकाच टोकनात, खेळायचा ठरवला तर महिने पुरेल. कुणाला वाचवलं, कुठली फळी फोडली, यावर वाटा फुटतात आणि शेवटही एकच नाही. प्रमुख शत्रूंची नावं टॅरोच्या पत्त्यांवरून आहेत: चॅरियट, हँग्डमॅन, हर्मिट, मॅजिशियन. प्रत्येकाची दुखरी जागा आधी दाखवतात. चॅरियट चिलखतात बुडालेला असतो, छातीपाशी तेवढा उघडा. ते कळूनही मॅजिशियनपर्यंत पोचायला हात तयार व्हावा लागतो. असा खेळ एखाद्या गाण्यासारखा पाठ करायचा असतो, आणि ते मला मनापासून आवडतं.

पण पाठ कशावर करणार? पुन्हा गाडी नेमावर आली.

जुनी लाइट गन, म्हणजे पडद्यावर रोखायचं खेळातलं पिस्तूल, आजच्या टीव्हीवर का चालत नाही, हे मला बरीच वर्षं नीट माहीत नव्हतं. जुन्या डबा टीव्हीत चित्र एकदम उमटत नसे. एक इलेक्ट्रॉन शलाका ओळीमागून ओळ रंगवत वरून खाली यायची, सेकंदाला पन्नास-साठ वेळा. पिस्तुलाच्या नळीत प्रकाश ओळखणारा छोटासा डोळा. ती शलाका त्या डोळ्यासमोरून कोणत्या क्षणी गेली, यावरून यंत्राला कळायचं की नेम पडद्यावर कुठे आहे. काही गेममध्ये आणखी सोपी युक्ती होती: ट्रिगर दाबला की क्षणभर पडदा काळा, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन, आणि डोळ्याला पांढरं दिसलं की गोळी लागली. आजच्या सपाट पडद्यावर ती शलाकाच नाही, आणि चित्र पडद्यावर यायलाही थोडा उशीर होतो. म्हणजे पिस्तूल बिघडलेलं नसतं. ते ज्याच्याकडे बघायचं तेच राहिलेलं नाही.

निन्टेंडोच्या वी या गेम कन्सोलनं यातून सुंदर वाट काढली होती. टीव्हीखाली ठेवायच्या पट्टीत नुसते इन्फ्रारेड दिवे आणि कॅमेरा रिमोटच्या टोकाला. रिमोट त्या दिव्यांकडे बघून स्वतःची दिशा ओळखायचा. याच मालिकेतला 'ओव्हरकिल' २००९ साली तिथे आला. आज माझ्याकडे आहे तो जायरो, म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर, असलेला कंट्रोलर. त्याला पडदा दिसतच नाही. तो फक्त आपण किती वळलो ते मोजतो. प्रत्येक मोजणीत किंचित चूक, त्या चुका साठत जातात, आणि काही वेळानं हात मधोमध असूनही नेम कडेला सरकलेला असतो. मग बटण दाबून पुन्हा मधे आणायचा.

माउसनं खेळता येईल, अचूकही असेल. पण माउस टेबलावर असतो. हात उचललेला नसेल तर माझ्यासाठी ते काही खरं नाही.

गुरुवार, संध्याकाळ

नुसता विचार पुरे झाला. जायरोनं नेम धरता येतो असा एक गेम माझ्याकडे आहेच, त्या न उघडलेल्या चारांपैकी. तो लावला. सोफ्यावर नाही, उभी राहिले, टीव्हीपासून चार पावलांवर. कंट्रोलर दोन्ही हातांत धरून छातीसमोर.

पहिली पाच मिनिटं अगदी वाईट. मनगट कडक, नेम थरथरत होता. मग संवेदनशीलता कमी केली, कोपर अंगाला टेकवले आणि मनगटाऐवजी कमरेतून वळायला लागले. तेव्हा जमलं. नेम लक्ष्याकडे जायच्या आधी अंग जात होतं, तसंच, पूर्वीसारखं. दहाएक मिनिटांनी तो डावीकडे सरकला. बटण दाबलं, मधे आला. आणखी थोड्या वेळानं पुन्हा. तिसऱ्यांदा अंगठा आपोआप बटणावर गेला, आणि मी तिथेच थांबले. काही मोजत नव्हते, पण दर थोड्या वेळानं हात थांबवून पुन्हा तयार होणं, हे मला ओळखीचं होतं.

पिस्तुलाची सर याला नाही. पण हात हवेत होते आणि पाय जमिनीवर रोवलेले होते. मला तेवढं पुरतं.

गुरुवार, रात्री साडेअकरा

दादाला फोन केला. शनिवारी तो दोन दिवसांसाठी येतोय. गेमचं नाव सांगितलं तर पलीकडे क्षणभर शांतता.

"अजून सहाच गोळ्या?"

"सहाच. पण आता बटणानं भरायच्या. पडद्याबाहेर रोखायला नको."

"ते मला नाही आवडलं."

"मलापण नाही."

"दोघांना एकत्र खेळता येतो ना?"

"हो, एकाच पडद्यावर. तू रोगन."

"या वेळी तू हो रोगन," तो म्हणाला. "पुलावर मी कव्हर देतो."

मी म्हटलं, नको, मी जीच बरी.

पावणेबाराला घेतला. डाउनलोड झालाय, उघडलेला नाही. एकटीनं एकदा पुलापर्यंत जाऊन यावंसं फार वाटतंय, पण जाणार नाही. दुसरा कंट्रोलर खणाच्या तळाशी सापडला, बॅटरी पूर्ण उतरलेली. तो चार्जिंगला लावलाय.