तुम्ही विचारलंत म्हणून: हा फुटका वाडगा काचेत कशाला?

घरी येणारा प्रत्येक जण कपाटासमोर थांबतो आणि हेच विचारतो, मावशीने तर व्हिडिओ कॉलवरच सांगून टाकलं की फुटकं भांडं घरात ठेवू नये रे. तर एकदाच लिहून टाकतो.

वाडगा इराणमधल्या काशानच्या पद्धतीचा आहे, साधारण 800 वर्षं जुना, फिरोजी ग्लेझचा, म्हणजे भांड्यावर भाजून बसवलेल्या काचेसारख्या थराचा. हा रंग तांब्याचा, पण नुसतं तांबं टाकून तो येत नाही, ग्लेझमध्ये सोड्यासारखा क्षार लागतो, शिसं असेल तर तेच तांबं हिरवं होतं. आणि आतली 'माती' म्हणजे खरं तर बहुतेक माती नाहीच. चीनचं पांढरंशुभ्र पोर्सिलेन बघून इराणमधल्या लोकांना तसंच हवं होतं, पण ती माती त्यांच्याकडे नव्हती, मग त्यांनी गारगोट्या दळल्या! काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने 1301 मध्ये कृतीच लिहून ठेवलीय, 10 भाग गारेची पूड, 1 भाग काचेची पूड, 1 भाग पांढरी माती. मला तर हे भांडं कमी आणि जिद्द जास्त वाटतं.

पण खरं वेड लस्टरचं. एकदा भाजून झालेल्या भांड्यावर चांदी-तांब्याच्या संयुगांनी चित्र काढायचं, परत मंद भट्टीत घालायचं आणि हवा कोंडून धूर करायचा, बाहेर काढल्यावर वरची काजळी पुसली की खाली सोन्यासारखी झळाळी, सोनं कणभरही नाही. धूर थोडा कमी-जास्त झाला की सगळी भट्टी वाया. आता सांगा, अशा वस्तूंसाठी लोक लिलावात वेडे होणार नाहीत तर काय.

आणि सगळंच चकचकीत असतं असंही नाही. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये 10व्या शतकातला एक मोठा पांढरा वाडगा आहे, काठाला फक्त काळी कुफी (जुन्या, कोनदार वळणाची अरबी) अक्षरं, चित्र नाही काही नाही, अर्थ साधारण असा की कामाआधी विचार केलास तर पस्तावणार नाहीस. मला लस्टरपेक्षाही हा जास्त आवडतो, तो मोकळा पांढरा भाग सोडायला धीर लागतो.

मी मात्र तो सल्ला पाळला नाही. माझी पहिली खरेदी एका डीलरकडून, एकही तडा नसलेली, मी हवेत! घरी आणून अंधारात यूव्ही टॉर्च मारला तर अर्धा वाडगा वेगळाच चमकायला लागला, म्हणजे प्लास्टर आणि वर रंग, उरलेल्या अर्ध्यातही दोन वेगवेगळ्या भांड्यांचे तुकडे जोडलेले. हे या धंद्यात जुनंच आहे, जमिनीतून निघालेलं बहुतेक सगळं तुकड्यांतच निघतं, आणि गिऱ्हाइकाला अख्खं हवं असतं, मग कोणीतरी अख्खं करून देतं. पैसे परत मिळाले नाहीत, विचारू नका किती.

म्हणून हा दुसरा घेताना मी मुद्दाम तडे दिसणाराच घेतला, सांधे सगळे उघडे, एक कपचीसुद्धा गायब. आतल्या बाजूला मोरपिसासारखी झाक दिसते ना, ती कुंभाराने केलेली नाही, शतकानुशतकं जमिनीत पडून ग्लेझ झिजल्याने आलेली आहे, मावशीला ती साबणाने घासायची होती.