बियांपासून बहावा: शेंग ते खड्डा

फेब्रुवारी-मार्च. काळी पडलेली, हलवली की खुळखुळणारी शेंगच घ्यावी. आत आडव्या पडद्यांच्या कप्प्यांत एकेक बी आणि भोवती काळा चिकट गर. फोडून रात्रभर पाण्यात ठेवली की गर सुटतो. (गर रेचक आहे, मुलांना चाखू देऊ नका.)

खरी मेख बीच्या कवचात. नुसते भिजवून पाणी आत शिरतच नाही. 80 नंबरच्या पॉलिश पेपरवर बीची कड घासा. मात्र बी शेंगेला जिथे चिकटलेली असते ते टोक सोडा, मूळ तिथून निघते. तपकिरी जाऊन फिकट रंग दिसला की थांबायचे. मग 24 तास साध्या पाण्यात. नीट घासलेली बी टम्म फुगते आणि कवच मऊ होते. जी तशीच टणक राहील ती पुन्हा घासा. उकळत्या पाण्यात टाकण्याचा सोपा उपाय बरेच जण सांगतात, पण त्यात उगवण मागेपुढे होते आणि काही बिया चक्क शिजतात. रोपवाटिकांत तीव्र गंधकाम्ल वापरतात. घरी तो उद्योग नको.

फुगलेली बी लगेच पिशवीत, 1 सेंमी खोल. माती, वाळू, शेणखत समप्रमाणात. साधारण एक-दोन आठवड्यांत कोंब वर येतो. या टप्प्यावर रोपे जातात ती बहुतेक जास्त पाण्याने: बुडखा काळा पडून रोप आडवे होते. वरचा थर सुकल्याशिवाय पाणी नाही.

पिशवी रुंद नको, उंच हवी. बहाव्याचे सोटमूळ झपाट्याने खाली जाते आणि तळाशी गुंडाळी करते. अशी गुंडाळी झालेले रोप जमिनीत वर्षानुवर्षे रेंगाळते. म्हणून दोन-दोन वर्षे पिशवीत वाढवलेले उंच रोप विकत घेण्यापेक्षा वीतभर पण ताजे रोप बरे.

जून, दोन चांगले पाऊस झाल्यावर लागवड. खड्डा 2 फूट लांब, रुंद, खोल, दिवसभर ऊन, पाणी साचणारी जागा नको. काळ्या जमिनीत खड्ड्यात मुरूम मिसळा आणि रोप थोडे उंचवट्यावर लावा.

पावसाळ्यात कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या हमखास. त्या कॉमन एमिग्रंट फुलपाखराच्या. मोठे झाड सगळी पाने गेली तरी पुन्हा फुटते, तिथे फवारणीची गरज नाही. लहान रोपावरच्या हाताने वेचा, फारच झाल्या तर 5 टक्के निंबोळी अर्क.

फुलांसाठी पाच-सात वर्षे तरी धरा. छाटणी करायचीच तर बहर ओसरल्यावर.