तू नेपाळची का?

मागच्या महिन्यात शेजारच्या बाईंनी विचारलं, "तू नेपाळची का?" मी घाईघाईनं म्हणाले, "नाही, भारताची." त्या घाईचं मला अजून वाईट वाटतंय.

मी राहते त्या हैतीत, कॅरिबियनमधल्या या देशात, हा प्रश्न साधा नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या नेपाळी तळावरचं मैलापाणी मिरबालेजवळच्या ओढ्यात गेलं, ओढ्यातून आर्तिबोनित नदीत. सुमारे १०,००० माणसं पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं गेली. आपल्याकडे गावाच्या वेशीवर मरीआई असते, पटकीची दहशत पिढ्यान्‌पिढ्यांची. इथे मात्र शंभर वर्षांत कोणी हा रोग पाहिला नव्हता. बाईंचा भाऊ त्याच नदीकाठी भात लावायचा. तोही गेला. संयुक्त राष्ट्रांनी माफी मागितली डिसेंबर २०१६ मध्ये. भरपाईसाठी अमेरिकेतल्या कोर्टात गेलेल्यांना उत्तर मिळालं, की संयुक्त राष्ट्रांवर खटला चालत नाही.

त्या सैनिकांना तरी काय माहीत? तेही पोटासाठीच आलेले. तळावरच्या मैल्याची व्यवस्था ज्यांच्याकडे होती, दोष त्यांचा. बाईंना मी हे सांगायला हवं होतं.

घरून फोन आला की काका विचारतात, "दोनशे वर्षं स्वतंत्र आहेत ना, मग एवढी गरिबी कशी?" माझा आवाज चढतो. मी राहते त्या कॅप-हाइशियनच्या बाहेरच, व्हर्तिएरला, १८०३ मध्ये इथल्या गुलामांनी नेपोलियनची फौज हरवली. आपले दुसरे बाजीराव तेव्हा इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या आधारानं गादीवर होते. १८२५ मध्ये फ्रान्सनं लढाऊ जहाजं पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले, फ्रेंच मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून. त्या मालमत्तेत हीच माणसं धरली होती! पुढे रक्कम ९ कोटींवर आली, पण पहिल्या हप्त्यालाच पॅरिसहून कर्ज काढावं लागलं. त्या कर्जाचं शेपूट संपलं १९४७ साली. १९४७, काका! सावकारी पाश आपल्याला का कळू नये? नळ, गटारं, दवाखाने यांनी कशातून बांधायचे होते?

परवा मला जुलाब लागले. बाई तांब्याएवढं भांडं घेऊन आल्या: लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आपली जलसंजीवनी! पडल्यापडल्या मी अभिमानानं सांगू लागले, की १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच पाण्यावर पटकीचे हजारो रोगी जगवले.

"आधी पी," बाई म्हणाल्या, आणि पेला रिकामा होईपर्यंत दारातून हलल्या नाहीत.