हा पेंग्विन आजारी नाही

टेबल माउंटन झाला, केप पॉइंट झालं, वाऱ्याने टोपी उडते ते सगळं झालं. लिहावंसं वाटलं ते दक्षिण आफ्रिकेत, केप टाउनच्या बाजूला सायमन्स टाउनजवळच्या बोल्डर्स या पेंग्विनच्या वसाहतीबद्दल, आणि तेही चिडून. तिथल्या फॉक्सी बीचच्या लाकडी पुलावर नोव्हेंबरात एकच उद्गार सतत कानावर येतो, मराठीतसुद्धा: "ईऽ, हा आजारी दिसतोय!"

अंगावर पिसांचे पुंजके लोंबताहेत, मान अर्धी जुनी अर्धी नवी, खाली फुटलेल्या उशीसारखा पसारा. पक्षी मात्र धडधाकट आहे, फक्त पिसं टाकतोय. इतर बरेच पक्षी पिसं थोडी थोडी बदलतात. आफ्रिकन पेंग्विनला ते जमत नाही, कारण पिसांच्या थरात फट पडली की थंड पाणी थेट कातडीला भिडतं. म्हणून सगळी पिसं एकदमच, तीनेक आठवड्यांत. नवं पीस जुन्याला खालून ढकलत बाहेर काढतं. तोवर समुद्र बंद, म्हणजे जेवणही बंद.

त्याची तयारी आधी होते. साधारण पाच आठवडे समुद्रात राहून तो मासे खातो आणि एरवीचा तीनेक किलोचा पक्षी चांगला चार किलोंपर्यंत फुगतो. किनाऱ्यावर आल्यावर त्यातलं ४० टक्क्यांहून जास्त वजन जातं. आधी चरबी संपते, मग छातीचे स्नायू झिजू लागतात. साठा कमी पडला तर पिसं पुरी व्हायच्या आत उपासमार गाठते. म्हणूनच फोटोसाठी जवळ जाऊन त्याला पळवणाऱ्यांचा राग येतो: त्याच्याकडची शक्ती मोजकी असते, पाण्यात पळायची सोय नसते.

खरी ओढाताण पिल्लांवरून होते. दोन अंडी, चाळीसेक दिवस उबवणं, मग पिल्लू समुद्रात उतरेपर्यंत दोन ते चार महिने. दक्षिण आफ्रिकेत वीण बहुतेक मार्च ते मेमध्ये सुरू होते, तेव्हा पिसं टाकायच्या आधी पिल्लं समुद्रात उतरतात आणि हिशेब नीट बसतो. पण पहिली अंडी पावसात बुडाली, उन्हात आईबापांनी घरटं सोडलं किंवा सार्डिन-अँचोव्ही हे मासे कमी मिळाले, की जोडी पुन्हा अंडी घालते आणि पिल्लं ऑक्टोबरपर्यंत लांबतात. झिजलेली पिसं बदलणं मात्र लांबवता येत नाही. आईबाप चरबी साठवायला निघून जातात आणि पिल्लं घरट्यात उपाशी राहतात. निर्दय वाटतं खरं, पण भिजणाऱ्या पिसांनी पुढची वीणच काय, पुढचा हिवाळाही निघत नाही. अशी सोडलेली पिल्लं सॅनकॉब ही संस्था उचलते, हाताने भरवते आणि वजन भरल्यावर समुद्रात सोडते. २०२४मध्ये ही जात 'अतिसंकटग्रस्त' ठरली. एकेक पिल्लू मोलाचं आहे.

सगळे पेंग्विन असाच क्रम पाळत नाहीत. राजा पेंग्विन आधी पिसं बदलून मग अंडं घालतो. त्याची वीण वर्षाहून लांब चालते, त्यामुळे तीन वर्षांत फार तर दोन पिल्लं.

गुळगुळीत काळे-पांढरे पेंग्विन आणि पिल्लं हवी असतील तर मे-जूनमध्ये जा. पाऊस, वारा आणि बोचरी थंडी असेल, पण पुलावर उभं राहायला जागा मिळेल. डिसेंबरात जायचंच असेल तर सुट्टीची गर्दी गृहीत धरा. तिकीट जपून ठेवा, पोहण्याच्या बोल्डर्स बीचलाही तेच चालतं, आणि तिथल्या खडकांआड उभ्या असलेल्या विस्कटलेल्या पक्ष्यापासून लांब राहा.