तीन स्प्लिंट आणि एक जबडा

डिचोलीच्या माझ्या दवाखान्यात साखळीकडच्या एक शिक्षिका आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी टेबलावर तीन डब्या मांडल्या. जबडादुखीसाठी तीन ठिकाणी करून घेतलेले तीन स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायची आवरणं. "डॉक्टर, यातला खरा कुठला ते सांगा, नाहीतर चौथा करा."

पहिला मऊ, चावून भोकं पडलेला. दातांत मऊ काही आलं की काहीजण ते जास्तच चावतात. दुसरा वरच्या सगळ्या दातांवर बसणारा, कडक ॲक्रिलिकचा. त्यावर घासल्याच्या चकचकीत खुणा. तिसरा फक्त पुढच्या दातांपुरता. असा स्प्लिंट फार दिवस वापरला तर मागचे दात वाढून चावाच, म्हणजे वरखालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवणच, बदलू शकतो, म्हणून तो आधी बंद करायला सांगितला.

तोंड २९ मिलिमीटर उघडत होतं. एरवी ४० ते ५० उघडतं. उंडा, म्हणजे इथला कडक पाव, खाणं बाईंनी सोडलंच होतं (गोव्यात ही शिक्षा लहान नव्हे). जबड्याचा डावा सांधा कटकन वाजे, पण दाबल्यावर दुखत नव्हता. गालाचा स्नायू दाबला मात्र आणि त्या ओरडल्या, "हेच ते दुखणं!"

मग त्या शाळेतल्या पेपरांच्या गठ्ठ्याबद्दल बोलू लागल्या. प्रत्येक वाक्य संपलं की दात घट्ट मिटायचे, गालावर गाठ उठायची. मी हातात आरसा दिला. बाई बघतच राहिल्या. रात्रीच्या स्प्लिंटने दिवसाचं हे आवळणं कसं थांबणार?

"प्रत्येक स्प्लिंटने आधी बरं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. वाटणारच. हे दुखणं मुळातच चढतं-उतरतं, आणि माणूस दवाखाना गाठतो तो ते चढलेलं असताना. २०२३ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मार्गदर्शिकेत जुनाट जबडादुखीसाठी व्यायाम, हाताने सांधा मोकळा करणं आणि वर्तनोपचार यांची ठाम शिफारस आहे. स्प्लिंटबाबत कल नकाराकडे. तरी कडक स्प्लिंट मी रात्रीसाठी ठेवायला सांगितला, दात झिजू नयेत म्हणून. दुखण्यावरचा उपाय म्हणून नव्हे. चौथा केला नाही. एका ठिकाणी दात घासून चावा जुळवू म्हणाले होते, त्यालाही नको म्हटलं. घासलेला दात परत येत नाही.

ओठ मिटलेले, दात सुटे, एवढं दिवसभर पाळायचं. गालाला शेक आणि तोंड हळूहळू उघडण्याचे व्यायाम. काही आठवड्यांनी मोजलं तर ३८ मिलिमीटर. दुखणं बरंच उतरलं होतं.

"पण कट्ट वाजतंय अजून!"

दुखत नाही, अडकत नाही, तर वाजू दे, म्हटलं. बाईंना ते काही फारसं पटलं नाही.